तिसरं बोधचिन्ह

"डोडो नको," सखारामसाहेब म्हणाले. "आमच्याकडे डोडो टॉवेलवर असतो, बिस्किटांच्या डब्यावर असतो, किल्ल्यांच्या जुडग्याला लटकलेला असतो. शिवाय तो मेला, त्याला तीनशे वर्षं झाली. त्याला आता गायला कशाला लावता?"

मी डोडोच्या पंखाखाली तंबोरा दिला होता. पुण्यात कागदावर उतरवताना मला स्वतःचंच कौतुक वाटलं होतं. मॉरिशसला, पोर्ट लुईतल्या त्या गारेगार खोलीत पाच जणांची समिती चित्राकडे बघायला लागली आणि माझ्या डोडोचं तंबोरा पळवून नेणारं लठ्ठ बदक झालं. मी निमूटपणे दुसरा कागद वर काढला. निळा समुद्र, मागे डोंगर, पुढे वीणेच्या आकाराची होडी.

अध्यक्षबाई मादाम आर्मांद यांनी चष्मा लावला, काढला आणि इंग्रजीत विचारलं, "फार सुंदर आहे. कुठल्या हॉटेलचं?"

एक सोडून सगळे हसले. मीही हसलो, दुसरं काय करणार.

ही गोष्ट २००३ सालची. हिंदी महासागराच्या काठावरच्या देशांची एक गायनस्पर्धा दर वर्षी वेगळ्या देशात व्हायची. ज्याच्या घरी स्पर्धा, त्याच्या संस्कृतीतून त्या वर्षीचं बोधचिन्ह काढायचं आणि मग मंचावरच्या पडद्यापासून तिकिटापर्यंत सगळीकडे तेच झळकवायचं, अशी पद्धत. झांझिबारला झाली तेव्हा कोरीव दरवाजा होता, श्रीलंकेत झाली तेव्हा मुखवटा. त्या वर्षी पाळी मॉरिशसची होती. समितीचे चिटणीस देवराज सखाराम पुण्यात शिकलेले, म्हणून काम आमच्या स्टुडिओकडे आलं. सखाराम हे त्यांचं आडनाव. त्यांचे पणजोबा कोकणातून उसाच्या मळ्यावर मजूर म्हणून गेले, तिथल्या कारकुनानं जे नाव लिहून घेतलं तेच पुढे आडनाव झालं. मूळ आडनाव काय होतं ते त्यांच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. मला याचा हेवा वाटला होता. पुण्यात माझं वायदंडे हे आडनाव ऐकलं की लोक "वायदंडे म्हणजे कुठले?" असं गोड आवाजात विचारायचे आणि मी "कोल्हापूरकडचे" म्हणून विषय बदलायचो. इथे कुणी काही विचारत नव्हतं.

संध्याकाळी रेवतीताईंचा फोन आला. रेवती दाबके, आमच्या स्टुडिओच्या मालकीण.

"विलास, शुक्रवारी तिसरं चित्र. तेही पडलं तर काम डर्बनच्या कंपनीकडे जाणार. सखाराम माझ्याशी स्पष्ट बोलले."

"हो ताई."

"परदेशातलं आपलं पहिलं काम आहे. तू म्हणालास मी करतो, म्हणून तुला पाठवलं. हे गेलं तर पुढच्या वेळी तुझं नाव मी कोणत्या तोंडानं पुढे करू?"

"हो ताई."

"हो ताई काय? दोनदा तारेची वाद्यं काढलीस. तिथे कोण तंबोरा वाजवतं? त्यांचं ते कातड्याचं वाद्य आहे ना, ते का नाही काढत?"

"रावान. बघतो."

बघतो म्हणालो खरा, पण ते मी पुण्यातच बघून ठेवलं होतं. रावान म्हणजे लाकडी कड्यावर बकऱ्याचं कातडं ताणलेलं, परातीएवढं वाद्य. तिथलं सेगा नावाचं गाणं आणि नाच सगळा त्याच्यावर चालतो. त्याचे फोटो माझ्या फायलीत होते, सगळ्यांत खाली. वर डोडो होता, समुद्र होता, फुलं होती. कातड्याच्या वाद्यापाशी आलं की माझा हात आखडायचा आणि तो का आखडतो हे मी सहा वर्षं पुण्यात कुणाला कळू दिलं नव्हतं.

बुधवारी सकाळी सखारामसाहेबांनी मला गाडीत घातलं. "फोटो पुरे झाले. आता डोळ्यांनी बघा," म्हणाले. रस्ता बेटाच्या नैर्ऋत्येला जात होता आणि दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. कागलच्या पुढे आलोय असं कुणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला असता. समुद्राकाठच्या एका वस्तीत पत्र्याच्या घरामागे एक म्हातारा बनियनवर बसून जाळं शिवत होता. तोंतों मार्सेल. तोंतों म्हणजे काका. सत्तरी उलटलेला, अनवाणी, हातांचे तळवे फळकुटासारखे कडक. तिकडे रावान वाजवावं तर त्यांनीच, असं सखारामसाहेबांनी गाडीत दहा वेळा सांगितलं होतं.

त्यांनी माझ्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे बघून त्यांच्या क्रिओल भाषेत काहीतरी म्हटलं.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, आणखी एक फोटोवाला आला," सखारामसाहेब ओशाळून म्हणाले.

तरी म्हातारा उठला. अंगणातल्या खड्ड्यात त्यानं उसाचं पाचट टाकलं, काडी ओढली, एक रावान सखारामसाहेबांच्या हातात दिलं आणि दुसरं आणायला घरात गेला. आता सखारामसाहेब म्हणजे इस्त्रीचा शर्ट आणि दोन विद्यापीठांच्या पदव्या. त्यांनी ते वाद्य जाळावर आडवं धरलं आणि तसंच धरून ठेवलं. पापड भाजतात तसं. पापड निदान उलटतात तरी, साहेबांनी तेही केलं नाही.

पाचटाचा धूर माझ्या नाकात गेला. कातड्याला चटका बसल्यावर जो करपट वास येतो तो आला.

"साहेब, मागं घ्या."

"तापवायचंच असतं ना हे?"

"आवं मागं घ्या की! फाटंल त्ये!"

मी गावच्या बोलीत ओरडलो होतो. ओरडलो आणि वाद्य त्यांच्या हातातून हिसकावूनही घेतलं. पुढचं सगळं माझ्या हातांनी केलं, मला त्यांनी विचारलंही नाही. कातडं जाळाकडे तिरकं धरलं. कडा आधी, कारण ओल कडेला असते, मधलं आपोआप तापतं. हळूहळू फिरवत नेलं. बोटांच्या पाठीनं ऊब बघितली, वाकवलेल्या बोटानं टकटक केलं, कान जवळ नेला. आवाज अजून बसका होता. पुन्हा दोन फेरे. पुन्हा टकटक. आता आवाज नीट उठला आणि मी रावान जाळापासून लांब घेतलं.

वर बघतो तर तोंतों मार्सेल दारात उभे. हातात दुसरं रावान तसंच. त्यांनी एक प्रश्न विचारला.

"विचारतायत, हे तुम्हाला कुणी शिकवलं?" सखारामसाहेब म्हणाले. तेही माझ्याकडे जरा चमकूनच बघत होते.

"कुणी नाही. बघितलंय कुठंतरी. टीव्हीवर."

सखारामसाहेबांनी ते सांगितलं. म्हातारा खो खो हसला.

"म्हणतात, टीव्हीवर बघितलेला माणूस तळव्यानं हात लावतो आणि भाजून घेतो. तुम्ही बोटांची पाठ लावलीत."

मी जाळात आणखी पाचट सारलं. म्हाताऱ्यानंही ताणलं नाही. तो लाकडी खोक्यावर बसला, मी शेकलेलं रावान त्यानं मांडीवर घेतलं, दोन थापा मारून मान हलवली आणि वाजवता वाजवता बोलायला लागला. सखारामसाहेब शेजारी उकिडवे बसून मराठीत सांगत होते.

"त्यांचा मुलगा शहरात बँकेत आहे. तो तिथे सांगतो, वडील मासेमारी करतात. हे म्हणतात, मी मासे धरतोच, त्यामुळे त्याला खोटारडा म्हणता येत नाही." सखारामसाहेब हसले. "मुलगा लहान होता तेव्हा रावान म्हणजे दारुड्यांचं, गुलामांच्या वस्तीतलं. चांगल्या घरात कुणी नाव काढायचं नाही. आता मोठमोठ्या हॉटेलांत यांना मानानं बोलावतात. तरी मुलगा मासेच सांगतो."

"त्यांना राग येत नाही?"

तोंतोंनी थापा न थांबवता उत्तर दिलं.

"म्हणतात, राग नाही येत. पण त्याच्याकडे गेलो की जपून बोलावं लागतं. कुठे काय निसटेल याचं भान ठेवावं लागतं. त्यानं दमायला होतं. म्हणून जात नाही."

मी जाळाकडे बघत राहिलो. मला अण्णा दिसत होते, आमच्या स्टुडिओच्या पायऱ्या चढणारे.

चार वर्षांपूर्वी माझे वडील न कळवता पुण्याला आले होते. पांढरा सदरा, डोक्याला टोपी, पिशवीत ओल्या शेंगा. रेवतीताई स्वतः बाहेर आल्या, त्यांना खुर्ची दिली आणि विचारलं, "गावाकडे काय करता आपण?" मी पाण्याच्या पिंपाजवळ ग्लास घेऊन उभा होतो. अण्णांनी ताईंकडे बघितलंच नाही, माझ्या तोंडाकडे बघितलं. माझ्या तोंडावर काय होतं ते मला माहीत नाही, पण त्यांनी ते वाचलं. "श्येती हाय थोडी," म्हणाले. आम्हाला एक गुंठाही जमीन नव्हती. ताईंनी मग पावसापाण्याचं विचारलं, पेऱ्याचं विचारलं आणि अण्णांनी सगळ्याची उत्तरं दिली. मला केवढं सुटल्यासारखं वाटलं होतं! बसस्टँडवर त्यांना सोडायला गेलो तेव्हा तर मी शीळ घालत होतो. त्यानंतर अण्णा पुण्याला आले नाहीत. कधी पाठ दुखायची, कधी जत्रा असायची, कधी गाडी चुकायची. मला ते सोयीचं होतं म्हणून मी कधी खोलात गेलो नाही. आज एका परक्या म्हाताऱ्यानं पाठीचं दुखणं मला समजावून सांगितलं होतं आणि मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"साहेब, त्यांना सांगा, मी खोटं बोललो. माझे वडील हलगी वाजवतात. हलगी म्हणजे हेच, याच्याहून लहान, काड्यांनी वाजवायची. कागलजवळच्या गावात मांगवाड्यात आमचं घर आहे. कुस्तीच्या मैदानात, जत्रेत, वरातीत अण्णा वाजवतात. लोकांच्या मांडवाबाहेर वाजवतात आणि बाहेरच जेवतात. हलगी अशीच पाचटावर शेकतात. लहानपणी ते काम माझं असायचं."

सखारामसाहेब माझं बोलणं ऐकत बसले, भाषांतर करायचं विसरूनच गेले. मग भानावर येऊन त्यांनी ते सांगितलं. तोंतों मार्सेलनी काही उद्गार काढले नाहीत की माझा हात हातात घेतला नाही. त्यांनी दुसरं रावान पुढे केलं.

"म्हणतात, मग हेही शेका."

मी ते शेकलं. आणि नंतर त्याच अंगणात, राख अजून गरम होती तेव्हा, वहीत चित्र काढलं. मधे जाळ. भोवती गोलाकार धरलेली वाद्यं, कातडी जाळाकडे तिरकी, आणि ती धरणारे नुसते हात. वाजवणारा कुणीच नाही, कारण अजून वाजायला सुरुवात झालेली नाही. गाणं सुरू व्हायच्या आधीची पाच मिनिटं. सहा वर्षांत एवढं झरझर मी काही काढलं नव्हतं.

शुक्रवारी दहा वाजता पुन्हा तीच गारेगार खोली. टेबलाच्या मधोमध फोन ठेवला होता आणि त्यातून रेवतीताई पुण्याहून ऐकत होत्या. चित्र फिरलं. पहिला आक्षेप श्री. वीरासामी यांचा. हे निवृत्त मुख्याध्यापक, मागच्या बैठकीत हसले नव्हते असे एकटेच.

"आमच्या देशात तमिळ आहेत, भोजपुरी आहेत, मराठी आहेत, चिनी आहेत, मुसलमान आहेत, क्रिओल आहेत. हे वाद्य एकाच समाजाचं आहे. आणि ही आग कशासाठी?"

"वाद्यं शेकण्यासाठी, सर. ओल धरलेलं कातडं बसकं वाजतं. गाण्याआधी ते जाळावर धरावंच लागतं. मी जी वाद्यं काढलीत ती सगळी रावान नाहीत. काही लहान आहेत, काही मोठी. झांझिबारचे ढोलही असेच तापवतात. स्पर्धेला येणाऱ्या बऱ्याच देशांत हे असंच करतात."

मादाम आर्मांदनी चष्म्यावरून बघितलं. "मागच्या बैठकीत तुम्ही आम्हाला डोडो दाखवत होतात. पुण्याच्या स्टुडिओत बसणाऱ्या माणसाला हे कसं माहीत?"

टेबलावरच्या फोनचा हिरवा दिवा चालू होता. मी त्याच्याकडे बघूनच बोललो.

"माझे वडील असं वाद्य वाजवतात. ते शेकायचं काम मी करायचो."

फोनमध्ये काहीतरी खाली पडल्याचा आवाज झाला. मग रेवतीताई मराठीत म्हणाल्या, "विलास, तुझे वडील शेती करतात ना?"

खोलीत मराठी कळणारे फक्त सखारामसाहेब होते. ते खिडकीबाहेर बघायला लागले.

"नाही ताई. आम्हाला शेती नाही. अण्णा हलगी वाजवतात."

"अरे, मग मी त्यांना पेरण्या झाल्या का म्हणून विचारत बसले होते!"

"हो."

"आणि त्यांनी मला भुईमुगाची सगळी माहिती दिली!"

"हो ताई."

मग ताई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज नेहमीपेक्षा हळू होता, "माझ्यापासून लपवायची वेळ आली तुमच्यावर. याचं बघू आपण नंतर. पुढे बोल तू, लोक थांबलेत."

पण मला पुढे बोलावं लागलंच नाही. वीरासामी चित्र दोन्ही हातांत धरून बघत होते.

"आमच्या कोविलाच्या मिरवणुकीत तप्पू वाजतो," ते म्हणाले. कोविल म्हणजे त्यांचं देऊळ. "तोही असाच शेकतात. आम्ही पाचटाऐवजी रद्दी जाळतो, एवढाच फरक." त्यांनी चित्रातल्या एका लहान वाद्यावर बोट ठेवलं. "हा तप्पूच आहे."

ती मी हलगी काढली होती. मी अजिबात दुरुस्ती केली नाही.

"आपल्याला हरकत नाही तर?" मादाम आर्मांदनी विचारलं.

"जाळ थोडा लहान करा," वीरासामी म्हणाले आणि पहिल्यांदा हसले. "नाहीतर लोक बंब बोलावतील."

मादाम आर्मांदनी कागदावर सही केली. डर्बनला नकार कळवायचं काम सखारामसाहेबांनी इतक्या आनंदानं अंगावर घेतलं की जणू त्यांचंच चित्र पास झालं होतं. मी जिना उतरून रस्त्यावर आलो. पाय पिसासारखे हलके झाले होते. रस्त्यावरची माणसं, गाड्या, फळवाले, सगळेच मला एकदम आवडायला लागले. समोर टेलिफोनचा बूथ होता.

आमच्या गावात फोन होता तो किराणा दुकानात. निरोप द्यायचा आणि दहा मिनिटांनी पुन्हा लावायचा. दुसऱ्यांदा लावला तेव्हा अण्णा धापा टाकत होते.

"इलास? काय रं? समदं बरं हाय न्हवं?"

"बरं आहे अण्णा. चित्र पास झालं. हलगीचं काढलंय. म्हणजे इथं दुसरं नाव आहे, पण हलगीच. जाळावर शेकताना."

"हलगीचं? आनि त्येंनी इचारलं न्हाई व्हय, तुला कसं ठावं म्हनून?"

"विचारलं."

"मग?"

"सांगितलं. माझा बाप वाजवतो म्हणून."

पलीकडे दुकानात कुणीतरी पावशेर साखर मागत होतं.

"बाई हुत्या?" अण्णांनी विचारलं.

"फोनवर होत्या. त्यांनी ऐकलं सगळं."

"काय म्हनल्या?"

"पुढं बोल म्हणाल्या."

अण्णांनी श्वास सोडला तो मला इतक्या लांब ऐकू आला.

"सुटलो बाबा येकदाचा," ते म्हणाले. "त्या दिशी बाई इचारत्यात आनि मी आपला श्येजारच्या पाटलाच्या रानाचं सांगतुया. किती एकर म्हनलो, कुठलं बी म्हनलो, कायबी ध्येनात न्हाई. पुन्यांदा आलो आनि येगळंच काय बोललो, तर तुझी नोकरी जायाची. लई भ्या वाटायचं बघ."

मी नुसता रिसीव्हर धरून उभा होतो. अण्णांना वाटलं फोन तुटला.

"इलास? हाईस न्हवं?"

"आहे अण्णा."

"मग आता येऊ व्हय रं पुन्याला?"

'या' म्हणायला मला जरा वेळ लागला, पण म्हणालो.